नेत्ररुग्णालयाच्या वेबसाइटची दुरुस्ती: एका वेब डिझायनरचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या नेत्ररुग्णालयाचं आहे. रुग्णालयाची किंवा माणसांची ओळख पटेल असे तपशील मी काढून टाकले आहेत. निर्णय कसे झाले आणि कुठे अडले, ते मात्र घडलं तसं मांडलं आहे. मी स्वतंत्रपणे काम करणारी वेब डिझायनर आहे आणि माझ्यासोबत एक प्रोग्रॅमर सहकारी असतो. या कामात आम्ही दोघेच होतो.

रुग्णालयाची वेबसाइट बरीच जुनी होती आणि अनेक हातांनी तिच्यात भर घातली होती. मुखपृष्ठावर आपोआप सरकणारे मोठे फोटो, त्याखाली डॉक्टरांची ओळख, मग अपॉइंटमेंटचा फॉर्म, तपासणीच्या वेळांचं वेळापत्रक, आणि शस्त्रक्रियेआधी व नंतर घ्यायच्या काळजीची पानं. ही काळजीची पानं डॉक्टरांनी स्वतः लिहिलेली होती. मी आजवर पाहिलेल्या वैद्यकीय मजकुरात इतकं सरळ लेखन क्वचितच भेटलं आहे.

व्यवस्थापन बदललं आणि नव्या संचालकांनी मला बोलावलं. वर्धापनदिनाच्या आत नवी साइट हवी, अशी त्यांची मागणी होती. त्यांनी नमुनेही पाठवले होते. पडदाभर व्हिडिओ, बारीक वजनाचा टाइप, पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं, भरपूर मोकळी जागा. नमुने देखणे होते आणि तसं काम मला करता आलं असतं.

पुढचे निर्णय माझ्या व्यवसायाच्या रचनेशी बांधलेले आहेत, म्हणून त्याबद्दल इथेच सांगते. डिझायनरला पुढचं काम मागच्या कामाच्या चित्रांवर मिळतं. नवी साइट केली की आधीचं आणि नंतरचं अशी दोन चित्रं शेजारी ठेवता येतात, बघणाऱ्याला फरक क्षणात कळतो. दुरुस्तीच्या कामात ही दोन चित्रं जवळजवळ सारखीच दिसतात. मोबदल्याचंही तेच. नव्या साइटसाठी एकरकमी अंदाजपत्रक देता येतं, दुरुस्तीसाठी आकडा सांगताना ग्राहक विचारतो की यात नक्की काय मिळणार. त्यामुळे ग्राहक नवी साइट मागायला आला की डिझायनरच्या मनातही तीच इच्छा आधीपासून असते.

माझ्या मनात मात्र दुसरंही काही होतं. मी या व्यवसायात आले तेव्हा फ्लॅशचा, म्हणजे हलती चित्रं असलेली पानं बनवण्याच्या अडोबीच्या तंत्राचा, जोर होता आणि माझं सुरुवातीचं बरंचसं काम त्यात झालं. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅश प्लेअरला आधार देणं थांबवलं, आणि त्या आधीच बहुतेक ब्राउझरांनी त्याकडे पाठ फिरवली होती. जिवापाड मेहनत घेतलेली ती पानं आज उघडत नाहीत. त्या काळातली साध्या एचटीएमएलमध्ये केलेली काही पानं मात्र अजून फोनवरसुद्धा वाचता येतात. या अनुभवानंतर कुठल्याही कामात मी आधी हे पाहते की यातलं काय टिकणार आहे आणि कोणाच्या उपयोगाला येणार आहे.

अडचण

संचालकांच्या मते साइट जुनाट दिसत होती, आणि ते खरंच होतं. स्वागतकक्षात गेल्यावर दुसरी बाजू कळली. तिथे अनेक वर्षं काम करणाऱ्या बाई फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "मॅडम, लोक साइट बघूनच फोन करतात. आणि साइटवर जे लिहिलंय तेच विचारतात."

या एका वाक्यावरून मला कामाची दिशा मिळाली. लिहिलेलं असूनही लोक विचारत असतील, तर ते त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हतं. म्हणून मी कुठलंही रेखाटन करण्याआधी रुग्णाच्या भूमिकेतून फोनवर साइट वापरून पाहिली.

पहिली गोष्ट सापडली ती पानाच्या कोडच्या सुरुवातीच्या एका ओळीत. फोनवर पान कसं मावावं ते सांगणाऱ्या व्ह्यूपोर्टच्या टॅगमध्ये 'यूजर-स्केलेबल' ला 'नो' असं मूल्य दिलेलं होतं, म्हणजे दोन बोटांनी पान मोठं करण्याची सोय बंद. फोनसाठी साइट जुळवताना मांडणी बिघडू नये म्हणून ही ओळ पूर्वी सर्रास टाकली जायची. आयफोनच्या सफारीने २०१६ साली, आयओएस १० पासून, ही बंदी मानणं सोडून दिलं. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये मात्र वापरणाऱ्याने सेटिंगमधून सक्तीने झूम चालू केल्याशिवाय ती आजही लागू होते. म्हणजे ज्यांची नजर कमी झाली आहे म्हणून जे इथे येतात, त्यांच्यापैकी अनेकांना अक्षर मोठं करून बघता येत नव्हतं.

तपासणीच्या वेळांचं वेळापत्रक म्हणजे सूचनाफलकाचा काढलेला फोटो होता. पान मोठं करता आलं असतं तरी त्यातली अक्षरं फक्त फुटली असती. स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्यात वाचण्यासारखं काहीच नव्हतं आणि शोधयंत्रालाही नव्हतं.

अपॉइंटमेंटचा फॉर्म ही सर्वांत कठीण जागा. रकान्यात काय भरायचं ते रकान्याच्या आतच फिकट अक्षरांत लिहिलेलं होतं आणि टाइप करायला लागताच ते नाहीसं व्हायचं. मध्येच कोणी हाक मारली आणि माणूस परत आला, तर हा रकाना कशाचा होता हे समजायला लिहिलेलं खोडावं लागायचं. जन्मतारखेसाठी कॅलेंडर उघडायचं आणि ते चालू महिन्यावर उघडायचं. सत्तर वर्षांच्या माणसाला बारीक बाणावर ८४० वेळा बोट टेकवावं लागलं असतं. वर्ष बदलण्याची सोय होती, पण ती वर्षाच्या आकड्यावर टेकवल्यावर उघडायची, आणि तसं टेकवता येतं हे कुठेच दिसत नव्हतं. शेवटी कॅप्चा होता, वाकडीतिकडी केलेली, रेषा मारलेली अक्षरं ओळखून लिहायची. एवढ्यात ठरलेला वेळ संपला तर फॉर्म कोरा होऊन पुन्हा पहिल्यापासून.

यातलं काहीही कुणी दुष्टपणाने केलेलं नव्हतं. प्रत्येक गोष्टीला त्या त्या वेळी कारण होतं. कॅप्चा खोट्या नोंदी अडवायला आला, वेळेची मर्यादा सुरक्षिततेसाठी, फोटो घाईत वेळा बदलल्या म्हणून. पण सगळं एकत्र आलं ते अशा ठिकाणी, जिथे येणाऱ्या माणसाला ते झेपणं सर्वांत अवघड.

यातली एक गोष्ट मला रुग्णालयातल्या ऑप्टोमेट्रिस्टशी, म्हणजे नजर तपासणाऱ्या तज्ज्ञाशी, बोलल्यावरच कळली. डोळ्याच्या आतल्या तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. त्यानंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. पुढची तारीख घेण्याचा विचार नेमका याच वेळेत होतो, घरी जाताना, हातातल्या फोनवर. म्हणजे एरवी उत्तम नजर असलेला माणूसही या साइटवर बरेचदा धूसर नजरेनेच येत होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मागितला तोच: नमुन्यांबरहुकूम संपूर्ण नवी साइट, नव्या प्रणालीवर. मोबदला चांगला, पोर्टफोलिओत ठेवण्यासारखं काम, संचालक खूश. धोका असा की फॉर्मला हात लागेपर्यंत वर्धापनदिन आला असता आणि वेळ अपुरा पडला की सर्वांत शेवटी फॉर्मवरच कात्री चालली असती. दुसराही एक धोका होता. शस्त्रक्रियेनंतर हातात देतात त्या छापील कागदांवर काळजीच्या पानांचे पत्ते आणि क्यूआर कोड होते. प्रणाली बदलली की पत्ते बदलणार, आणि लोकांच्या घरी असलेले कागद निकामी होणार. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली १९९८ पासून सांगत आले आहेत की पानाचा पत्ता बदलू नये. वैद्यकीय सूचनांच्या बाबतीत ते शब्दशः पाळावं असं माझं मत आहे.

दुसरा पर्याय संचालकांच्या कार्यालयातून पुढे आला. बाहेरून मिळणारी एक तयार स्क्रिप्ट जोडायची, मग पानाच्या कोपऱ्यात एक बटण येतं, त्यातून अक्षर मोठं करणं, रंग बदलणं वगैरे करता येतं. स्वस्त आणि झटपट. मी त्याला ठाम विरोध केला. मूळ पानात रकान्याला नाव नसेल तर वरून लावलेला थर ते नाव खात्रीने ओळखू शकत नाही. फोटोतलं वेळापत्रक तो तक्ता करून देत नाही. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्या फोनमध्ये स्वतःची सोय आधीच लावलेली असते आणि हे थर अनेकदा तिच्याच आड येतात.

तिसरा पर्याय तयार टेम्प्लेट घेऊन त्यात मजकूर ओतण्याचा. यावर फार वेळ घालवला नाही, कारण पत्ते बदलण्याची अडचण त्यातही तशीच होती.

चौथा पर्याय माझा. साइट आहे तिथेच ठेवायची, पत्ते तसेच ठेवायचे आणि रुग्णाच्या वाटेवरचा एकेक टप्पा दुरुस्त करत जायचा. आधी झूम आणि फॉर्म, मग वेळापत्रक, मग काळजीची पानं, शेवटी मुखपृष्ठ. वर्धापनदिनाला मुखपृष्ठ नवं दिसेल, पण साधं असेल. त्यात व्हिडिओ नसेल. यात माझं तात्पुरतं नुकसान होतं, म्हणून मी प्रस्तावातच मोबदल्याची रचना बदलली. टप्प्यागणिक रक्कम आणि त्यानंतर दरमहा देखभालीचा ठरलेला मोबदला. स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांनी हा मुद्दा मनावर घ्यावा असं मला कळकळीने वाटतं. दुरुस्तीचं काम योग्य आहे असं नुसतं वाटून भागत नाही, ते करत असताना घर चालेल अशी मांडणी स्वतःलाच करावी लागते. नाहीतर महिनाअखेरीला आपणच नव्या साइटच्या बाजूने बोलायला लागतो.

पहिला निर्णायक क्षण: भिंगं

संचालक चौथ्या पर्यायाला तयार नव्हते. "अहो, मला सगळं नीट दिसतंय. एवढं अवघड काय आहे त्यात?" त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याला आकडेवारीने उत्तर देण्याचा मोह मी टाळला.

ऑप्टोमेट्रिस्टने मार्ग सुचवला. तपासणीच्या ट्रायल फ्रेममध्ये भिंगं घालून निरोगी माणसाची नजरही तात्पुरती धूसर करता येते. आम्ही ती साधारण ६/१२ पर्यंत आणायचं ठरवलं, म्हणजे निरोगी डोळ्याला १२ मीटरवरून वाचता येणारं अक्षर ६ मीटरवरून वाचता येईल इतकी. हा आकडा निवडण्याला कारण होतं. वेबच्या सुलभतेसाठी डब्ल्यू३सी या संस्थेने जे निकष केले आहेत, त्यांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेडातला फरक, मागितला आहे. हे प्रमाण ठरवताना साधारण ६/१२ नजरेच्या माणसाची कॉन्ट्रास्ट ओळखण्याची क्षमता किती कमी होते याचा विचार केलेला आहे, आणि ऐंशीच्या आसपासच्या वयात अशी नजर सामान्य मानली जाते. अधिक कडक पातळीला ७ ला १ लागतो.

संचालकांनी आणि आणखी दोघांनी ती फ्रेम लावली. आम्ही त्यांच्यासमोर फोन ठेवला आणि पुढच्या आठवड्याची वेळ घ्यायला सांगितलं. त्यांना आधी जुनी साइट दिली आणि नंतर त्यांनीच पाठवलेल्या नमुन्यासारखं एक पान. दोन्हींवर कुणालाही शेवटापर्यंत जाता आलं नाही. फ्रेम काढल्यावर संचालकांनी चौथा पर्याय मान्य केला, पण मुखपृष्ठ वर्धापनदिनाला तयार हवं ही अट कायम ठेवली. ती अट वाजवी होती.

या प्रयोगाने काम पुढे सरकलं, तरी त्याच्या मर्यादा इथे नोंदवणं आवश्यक आहे. भिंगाने येणारी धूसरता आणि मोतीबिंदू या वेगळ्या गोष्टी आहेत. मोतीबिंदूत उजेड विखुरतो, चकाकी त्रास देते, डोळ्यातलं भिंग पिवळसर झाल्याने निळ्या छटा ओळखणं जड जातं. शिवाय अशी नजर घेऊन वर्षानुवर्षं जगणाऱ्या माणसाने आपल्या युक्त्या शोधलेल्या असतात. पाच मिनिटं फ्रेम लावणाऱ्याला फक्त गोंधळ अनुभवायला मिळतो.

त्याचा परिणाम लगेच दिसला. दुसऱ्याच बैठकीत मागणी आली की सगळी अक्षरं प्रचंड मोठी करा. ऐकायला ती बरोबर वाटते. पण काचबिंदूत नजरेचा परीघ आक्रसत जातो. अशा माणसाला अक्षर जितकं मोठं तितके कमी शब्द एका वेळी नजरेत मावतात आणि वाचन आणखी संथ होतं. एकाच प्रतीक्षाकक्षात दोन्ही प्रकारचे रुग्ण बसलेले असतात. त्यामुळे आम्ही मूळ आकार नेहमीपेक्षा थोडा मोठा ठेवला आणि सगळा भर कुणालाही तो हवा तसा बदलता यावा यावर दिला. फोनच्या सेटिंगमध्ये कुणी अक्षर मोठं ठेवलं असेल तर पानाने ते मानायचं, आणि ३२० सीएसएस पिक्सेल (वेबपानातलं मोजमापाचं एकक) रुंदीतही आडवं सरकवायला न लागता मजकूर ओळीत मावायला हवा. हा दुसरा निकष डब्ल्यू३सीच्या निकषांच्या २०१८ च्या २.१ आवृत्तीत आला आहे आणि माझ्या मते सगळ्या निकषांत तो सर्वाधिक उपयोगाचा आहे.

दुसरा निर्णायक क्षण: रंग

रुग्णालयाचा रंग फिकट आकाशी होता. बोधचिन्हात, शीर्षकांत, दुव्यांत, बटणांवर सगळीकडे तोच. पांढऱ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट ४.५ च्या निम्म्यालाही पोहोचत नव्हता आणि पिवळसर झालेल्या भिंगातून तो आणखीच विरून जायचा. पण तो रंग इमारतीवर होता, कागदांवर होता, लोकांच्या ओळखीचा होता. "रंग बदलणार असाल तर पुढे बोलायलाच नको," असं सांगण्यात आलं.

इथे मी रंग बदलायला सांगितलंच नाही. आकाशी रंगाचं काम बदललं. अक्षरांतून काढून तो पार्श्वभूमीच्या पट्ट्यांना दिला आणि त्यावर जवळजवळ काळपट निळी अक्षरं ठेवली. पान पाहताच रुग्णालयाचं वाटत होतं आणि अक्षरं ठळक उठून दिसत होती. करड्या मजकुराच्या बाबतीतही असंच बारीक काम होतं. पांढऱ्यावर ७७७७७७ या कोडची करडी छटा ४.४८ भरते आणि निकषात बसत नाही, ७६७६७६ ही ४.५४ भरते आणि बसते. डोळ्याला या दोहोंत फरक कळत नाही. म्हणून मी अशा काठावरच्या छटा वापरतच नाही. निकष हा तळ आहे, त्याच्या बराच वर राहिलं की वादच उरत नाही.

बटणांचा आकारही याच वेळी ठरला. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या त्याच निकषांच्या २.२ आवृत्तीत बोटाने टेकवायच्या जागेसाठी किमान २४ गुणिले २४ सीएसएस पिक्सेल सांगितले आहेत, कडक पातळीला ४४. आम्ही फॉर्ममध्ये ४४ च्या खाली गेलो नाही.

प्रत्यक्ष काम

झूम अडवणारी ओळ पहिल्याच दिवशी काढली. त्यामुळे दोन ठिकाणी मांडणी विस्कटली, ती सहकाऱ्याने सावरली.

फॉर्ममध्ये प्रत्येक रकान्याचं नाव रकान्याच्या वर, कायम दिसेल असं आणलं. जन्मतारखेचं कॅलेंडर काढून दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने दिले. ब्रिटिश सरकारच्या डिझाइन सिस्टीममध्येही पाठ असलेल्या तारखांसाठी हीच पद्धत सुचवली आहे, आणि संचालकांना पटवताना त्या दाखल्याचा उपयोग झाला. कॅप्चाच्या जागी माणसाला न दिसणारा एक रकाना ठेवला. तो भरणारा बहुधा यंत्रच असतो. त्याशिवाय एकाच ठिकाणाहून थोड्या वेळात फार नोंदी आल्या तर सर्व्हर त्या थांबवू लागला. वेळेची मर्यादा ढिली केली आणि भरलेलं पुसलं जाणार नाही अशी व्यवस्था केली.

मग आम्ही प्रतीक्षाकक्षात बसलो. डॉक्टरांची परवानगी आणि रुग्णांची संमती घेऊन, त्यांना त्यांच्याच फोनवर फॉर्म भरायला दिला. मी शेजारी गप्प बसून पाहत असे. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाचेक माणसांबरोबर चाचणी केली तरी वापरातल्या बहुतेक अडचणी सापडतात. त्या आकड्यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण थोडक्या माणसांकडूनही किती शिकता येतं हे या खोलीत पुन्हा जाणवलं.

सर्वांत मोठी गोष्ट तिथेच कळली आणि तिचा रंगाशी किंवा अक्षराशी काही संबंध नव्हता. फॉर्म बहुतेक वेळा रुग्ण भरतच नव्हता. मुलगी, सून, भाचा, शेजारी भरत होते. फॉर्म मात्र रुग्णाचाच मोबाइल नंबर मागायचा आणि वेळेचा संदेश तिकडेच जायचा. ज्याला तो वाचता येत नाही त्याच्याकडे संदेश, आणि जिने वेळ घेतली ती फोन करून विचारते की नोंद झाली का. स्वागतकक्षातल्या फोनांचं एक मोठं कारण हेच होतं. एक बाई म्हणाल्या, "आईचा नंबर कशाला? मीच आणणार आहे ना तिला." आम्ही 'संदेश कोणाला पाठवायचा' असा एक रकाना वाढवला, त्यात दोन नंबर देता येतील अशी सोय केली. आमच्या रेखाटनात तो रकाना कधीच आला नसता.

वेळापत्रक खऱ्या तक्त्यात आणलं. काळजीच्या पानांच्या मजकुराला आम्ही हात लावला नाही, फक्त शीर्षकांची पातळी नीट केली, ओळींतलं अंतर वाढवलं आणि फोन गडद रूपात असेल तर पानही गडद होईल असं केलं. चकाकीचा त्रास होणाऱ्या काहींना गडद पार्श्वभूमी बरी वाटते, काहींना उलट तीच नको असते. म्हणून निवड त्यांच्या फोनवर सोडली.

मुखपृष्ठावरचे आपोआप सरकणारे फोटो काढले. रुग्णालयाचा एकच चांगला फोटो, त्याखाली तीन मोठी बटणं: वेळ घ्या, तपासणीच्या वेळा पाहा, फोन करा. फोनचं बटण इतकं ठळक ठेवण्यावर वाद झाला, कारण ऑनलाइन नोंदी वाढवणं हे उद्दिष्ट होतं. स्वागतकक्षातल्या बाईंनीच त्याची बाजू घेतली. काही रुग्णांना बोलल्याशिवाय धीर येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्या रोज त्यांच्याशी बोलत होत्या.

परिणाम

वर्धापनदिनाला मुखपृष्ठ तयार होतं. कार्यक्रमात एका ज्येष्ठ सदस्याने विचारलं, "मग नवीन काय केलंत? काही दिसत नाही." मला वाईट वाटलं. ज्यांना दिसत होतं ते त्या कार्यक्रमात नव्हते.

फोन थांबले नाहीत, पण त्यांतले प्रश्न बदलले. 'आज डॉक्टर किती वाजता आहेत' आणि 'माझी नोंद झाली का' हे प्रश्न कमी झाले, आजाराविषयीचे आणि तयारीविषयीचे वाढले, असं स्वागतकक्षातून सांगण्यात आलं. त्या बाईंच्या मते आता प्रत्येक फोनला थोडा जास्त वेळ देता येतो. कॅप्चा काढल्यानंतर सुरुवातीला खोट्या नोंदी आल्या, मर्यादा थोडी आवळल्यावर त्या आटोक्यात राहिल्या. छापील कागदांवरचे सगळे पत्ते चालू राहिले. वयस्कर रुग्णांपैकी बरेच जण आजही फोनच करतात आणि त्यात काही गैर आहे असं मला वाटत नाही.

माझ्या बाजूने पाहिलं तर त्या वर्षी हातात एकरकमी मोबदला कमी आला, पण देखभालीच्या मोबदल्यामुळे पुढचे महिने स्थिर गेले. पोर्टफोलिओत मी या कामाची चित्रं न ठेवता लिखित वर्णन ठेवलं. नवे ग्राहक ते क्वचित वाचतात. जे वाचतात, ते सहसा असंच काम घेऊन येतात.

पुन्हा करायचं झालं तर

साइट चालू झाल्यावर काही काळाने वेळापत्रकाच्या पानावर पुन्हा सूचनाफलकाचा फोटो आला. संचालक चिडले, पण कारण शोधल्यावर कुणाचाच दोष दिसला नाही. वेळा बदलल्या की कर्मचाऱ्याला प्रणालीत शिरून तक्त्याचे रकाने एकेक करून बदलावे लागत होते, आणि समोर रांग असताना ते जमत नव्हतं. फोटो काढून चढवणं अर्ध्या मिनिटाचं काम. मग आम्ही कर्मचाऱ्यांसाठी एक छोटं पान केलं: डॉक्टर निवडा, दिवस निवडा, वेळ लिहा, झालं. त्यानंतर फोटो परत आला नाही.

यामुळे पुढच्या कामांत मी क्रम बदलला आहे. मजकूर रोज बदलणाऱ्या माणसाचं पान आधी, पाहुण्यांचं पान नंतर. ज्या जागेतून माहिती आत येते ती अवघड राहिली, तर बाहेरची कितीही सुंदर दुरुस्ती टिकत नाही.

भिंगांचा प्रयोग मी पुन्हा करेन, पण प्रतीक्षाकक्षातल्या चाचण्यांनंतर. आधी केला की निर्णय घेणाऱ्यांच्या मनात त्या पाच मिनिटांची धूसरता हाच रुग्णाचा अनुभव म्हणून बसते आणि मग प्रत्येक बैठकीत अक्षर मोठं करण्याच्या पलीकडे बोलणं जात नाही. आधी रुग्णांना पाहिलं असतं तर 'संदेश कोणाला' हा प्रश्न पहिल्याच बैठकीत टेबलावर आला असता.

एक मुद्दा अजून सुटलेला नाही. थेंब घातल्यानंतर घरी निघालेल्या माणसाला वाचण्यापेक्षा ऐकणं सोपं जातं, म्हणून काळजीची पानं डॉक्टरांच्या आवाजात द्यावीत असं ऑप्टोमेट्रिस्टचं म्हणणं आहे. सहकाऱ्याचं मत असं की स्क्रीन रीडर आणि फोनची वाचून दाखवण्याची सोय पुरेशी आहे, आणि सूचना बदलली की आवाज जुनाच राहण्याचा धोका असतो. दोघांचंही म्हणणं मला पटतं. सध्या आम्ही फक्त मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पानाला आवाज जोडला आहे, कारण त्या सूचना सर्वांत कमी बदलतात. ध्वनिमुद्रणाची तारीख पानावर ठळक लिहिली आहे. मजकुरात बदल झाला की ध्वनिफीत आपोआप लपते आणि डॉक्टरांना ती पुन्हा मुद्रित करण्याची सूचना जाते. उरलेल्या पानांचं काय करायचं ते या पानाचा वापर पाहून ठरवू.